चौदापैकी बारा

मिरजगाव, ता. कर्जत
६ ऑगस्ट २०२५

चि. प्रणिता,

आशीर्वाद आधी आणि बातमी नंतर, हा क्रम मी आयुष्यभर पाळला. आज मोडतो. मी पास झालो!

गेल्या आठवड्यात मंगळवारी ताप चढला म्हणून तुझ्या काकूने मला नगरच्या इस्पितळात नेलं. (कागदोपत्री आता अहिल्यानगर. एकाहत्तर वर्षांच्या जिभेला थोडी मुदत द्यावी.) तिथे माझ्या रक्ताचं कल्चर तपासायला पाठवलं. मुळे घराण्याचं कल्चर काय आहे हे मला न तपासताही ठाऊक होतं, पण आता ते छापील आलं आहे.

चौदा औषधांची नावं आणि प्रत्येकापुढे निकाल. त्यातल्या बारा नावांपुढे इंग्रजी आर. आर म्हणजे रेझिस्टंट. शब्दकोशात पाहिलं: प्रतिकार करणारा, दाद न देणारा. चौदापैकी बारा म्हणजे विशेष प्रावीण्य! बाकीच्या दोघांपुढे एस, म्हणजे सेन्सिटिव्ह. हळवा. त्या दोन विषयांत मी कमी पडलो हे मान्य करतो.

पण खोडसाळपणा बघ. त्या दोघांपैकी एकाचं नाव मेरोपेनेम, आणि ज्या विषयात मी कच्चा, नेमकं तेच इंजेक्शन हे लोक मला दिवसातून तीनदा टोचत होते. चौदा दिवस टोचायचं म्हणाले. सहाव्या दिवशी ताप नव्हता आणि हातात असा निकाल होता. ज्याला बारा औषधं काही करू शकत नाहीत त्याने कुणा गरजूची खाट अडवून ठेवू नये, म्हणून सही करून बाहेर पडलो. इस्पितळाआधी गावात आणलेल्यांपैकी उरलेल्या गोळ्या नेहमीप्रमाणे बिस्किटाच्या डब्यात टाकल्या आहेत. आळीत कुणालाही ताप आला की त्यातल्याच दोन-दोन देतो, हे तुला माहीतच आहे.

तू पुण्याच्या प्रयोगशाळेत जंतूंवर एवढं शिकलीस, म्हणून पहिलं पत्र तुला. फोन करू नकोस. मोबाईलवर मी फक्त वेळ बघतो.

तुझा,
सुमंतकाका


पुणे
९ ऑगस्ट २०२५

ती. काका,

नमस्कार. नको म्हणालात तरी मी अकरा वेळा फोन केला. अकराही वेळा तुम्ही वेळ बघत असणार.

काका, तो रिपोर्ट तुमचा नाही. जंतूचा आहे.

तुमच्या रक्तात जंतू सापडला. त्याचं नाव ई. कोलाय. रक्ताचा थेंब पोषक पाण्यात ठेवून त्यातला जंतू वाढवतात, त्याला कल्चर म्हणतात. घराण्याचा त्यात काही संबंध नाही. मग त्या वाढलेल्या जंतूवर चौदा औषधं घालून बघतात. आर म्हणजे त्या औषधाने जंतू मरत नाही. एस म्हणजे मरतो. म्हणजे बारा औषधांना पुरून उरला तो जंतू, तुम्ही नाही. आणि ज्याला तुम्ही खोडसाळपणा म्हणता, ते मेरोपेनेम हे त्याला मारणाऱ्या दोनच औषधांपैकी एक आहे. म्हणून तर ते टोचत होते!

सहा दिवसांत तो जंतू दडला, मेला नाही. तो पुन्हा रक्तात उठला तर मुत्रपिंड बंद पडतं, रक्तदाब कोसळतो, आणि माणूस दोन दिवसांत हातचा जातो. तुमचा जंतू आता नगरहून आमच्याकडे आला आहे. पत्र लिहिताना माझ्यासमोर ताटलीत आहे. मी तुम्हाला घाबरवत नाही, मी स्वतः घाबरले आहे. हे वाचलंत की लगेच परत नगरला जा आणि चौदा दिवस पुरे करा. अंगात कसर आली, थंडी वाजली, तर तासाभराचाही उशीर नको. आणि त्या डब्यातलं कुणाला काही देऊ नका.

तुमची,
प्रणिता


मिरजगाव
१६ ऑगस्ट २०२५

चि. प्रणिता,

तुझं पत्र तपासून सोबत परत पाठवत आहे. ‘मुत्रपिंड’ नव्हे, ‘मूत्रपिंड’, मू दीर्घ. दोन ठिकाणी स्वल्पविराम हवा होता. दहापैकी सात दिले आहेत. काळजीपोटी लिहिलंस म्हणून अर्धा गुण जास्त.

आता मुद्दा. रिपोर्टच्या डोक्यावर स्वच्छ छापलं आहे: सुमंत रामकृष्ण मुळे, वय एकाहत्तर, पुरुष. जंतूचं नाव खाली कोपऱ्यात, तेही तिरक्या अक्षरांत. छत्तीस वर्षं मी निकालपत्रकं लिहिली. ज्याचं नाव वर, त्याचाच निकाल. वर्गात कुणी उंदीर सोडला म्हणून उंदराला गुण देत नाहीत.

शिवाय आता माघार घेणं शक्य नाही. काल ध्वजवंदनानंतर माझा जाहीर सत्कार झाला. आमचे शेजारी गहिनीनाथ यांनी हौसेने सगळं केलं. ते भाषणात म्हणाले, “आमाला दोन गोळ्यांत दरदरून घाम फुटतो, आन सरांनी बारा औषधं जागेवर गार केली. सरांचं रगत लई कडक हाय!” टाळ्या थांबेनात. शाल आणि नारळ मिळाला. हमरस्त्यालगत माझ्या फोटोचा फ्लेक्सही लागला आहे. त्यात एक गोंधळ झाला. छापणाऱ्याने ‘रेझिस्टंट मुळे सर’च्या जागी ‘रेस्टॉरंट मुळे सर’ छापलं. सकाळपासून तीन ट्रकवाले घरी येऊन गेले. तिसरा ओसरीवर बसूनच राहिला, शेवटी तुझ्या काकूने त्याला पिठलं-भाकरी वाढली. त्याला आवडली.

माझा निकाल कळल्यापासून गावात रिपोर्ट काढण्याची लाटच आली आहे. गहिनीनाथांच्या करणचं लग्न जमवायचं आहे, म्हणून त्यांनी त्याचीही लघवी तपासायला दिली. उत्तर काय आलं? ‘नो ग्रोथ’. वाढ नाही! औषधांची यादीच नाही, आर नाही, एस नाही, नुसतं वाढ नाही. त्याच्या आईने, कडूबाईने, हंबरडाच फोडला: “सव्वीस वर्षांचा घोडा, आता कधी वाढायचा हो!” मी जाऊन समजूत काढली, पाच फूट आठ इंच पुरे असतं म्हणालो. पण मुलीकडच्यांनी रिपोर्ट मागितला तर काय दाखवायचं, हा प्रश्न उरतोच.

माझा रिपोर्ट मी प्लॅस्टिकमध्ये बंद करून आदर्श शिक्षक पुरस्काराशेजारी टांगला आहे. तब्येत उत्तम. परवापासून जरा गार वाटतं, ते श्रावणामुळे.

तुझा,
सुमंतकाका


मिरजगाव
१८ ऑगस्ट, सकाळी

प्रणिता,

घाईत लिहिते. घरात मोबाईल एकच आणि तो यांच्या उशाशी, म्हणून गहिनीनाथ भाऊजींच्या हाती चिठ्ठी देते. कांद्याचा टेम्पो घेऊन ते पुण्याला निघालेत.

तुझ्या काकांनी सत्काराची शाल पंधरा तारखेपासून अंगावरून काढलेली नाही. लोकांना वाटतं मिरवतात. मिरवत नाहीत ग, थंडी वाजते. शालीच्या आत दात वाजतात. काल मी थर्मामीटर लावायला गेले तर म्हणाले, “रेझिस्टंट माणसाला ताप नसतो, उगीच आकडे काढू नकोस,” आणि थर्मामीटर कपाटात घालून किल्ली जानव्याला बांधली. आज पहाटे मला हाक मारताना माझं नाव चुकलं. सविता सोडून ते सहावीच्या हजेरीतली नावं घेत होते.

इस्पितळाचं नाव काढलं की रिपोर्टकडे बोट दाखवतात. डॉक्टरचं ऐकत नाहीत, माझं ऐकत नाहीत. तुझं पत्र मात्र त्यांनी चारदा वाचलं. चुका काढायला का होईना, वाचलं. असं काही लिही की ते उठतील. मला फार भीती वाटते.

सविताकाकू


पुणे
१८ ऑगस्ट, दुपार

ती. काका,

गहिनीनाथकाका मार्केट यार्डात कांदा टाकून आत्ता माझ्या प्रयोगशाळेत बसले आहेत. मी लिहीपर्यंत थांबतील आणि संध्याकाळी हे तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवतील. तुमचा जंतू मी त्यांना ताटलीत दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, “एवढुसं हाय, आन सरांना लोळवतंय व्हय?”

काका, मागच्या पत्रात मी चूक केली. मी तुम्हाला विज्ञान सांगितलं. आज दुसरी गोष्ट विचारते. मिरजगावच्या दहावीच्या केंद्रावर तुमचं नाव निघालं की मुलं बाहेरच्या बाहेर चिठ्ठ्या गटारात टाकायची, खरं की नाही? भूमितीच्या पेपरला आमच्या सुहासदादाच्या मोज्यात चिठ्ठी सापडली. तुमचा सख्खा पुतण्या. तुम्ही त्याची उत्तरपत्रिका ओढून घेतलीत, त्याला बाहेर काढलंत आणि म्हणालात, “कॉपीला नातं नसतं.” बाबा दोन वर्षं तुमच्याशी बोलले नाहीत. तुम्ही तरीही म्हणत राहिलात, कॉपीला नातं नसतं.

आता ऐका. गेल्या महिन्याभरात नगर जिल्ह्यातून रक्तातले अकरा जंतू माझ्याकडे आले. अकराही जणांचं नाव ई. कोलाय. मी त्यांची जनुकं उलगडून पाहिली. नाव एक, पण घराणी वेगवेगळी. सगळ्या मुळ्यांचं कूळ एक नसतं, तसंच. एकमेकांशी दूरचंही नातं नाही. तुमचा जंतू आणि सोनईच्या एका बाईंचा जंतू तर कुठेच जुळत नाहीत. पण अकरापैकी सात जणांच्या खिशात एकच चिठ्ठी निघाली, काका. शब्दन् शब्द तीच. औषधं कशी निकामी करायची त्याची उत्तरं लिहिलेली. जंतू ही चिठ्ठी एकमेकांना देतात. शेजारी कोण बसलाय, कुठल्या घरचा आहे, बघत नाहीत. खेटून बसले की हळूच नक्कल करून पुढे सरकवतात.

तुमचा जंतू हुशार नाही, कणखर नाही. तो कॉपी करून पास झालाय. चौदापैकी बारा! आणि त्या कॉपीबहाद्दराचा निकाल तुम्ही आदर्श शिक्षक पुरस्काराच्या शेजारी टांगला आहे.

अजून एक, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतं. सहा दिवस औषध घेऊन सोडणं म्हणजे पहिला अर्धा तास कडक पहारा करून पर्यवेक्षकाने चहाला जाणं. त्या अर्ध्या तासात साधी पोरं घाबरून उठून गेली. चिठ्ठीवाले तेवढे बसून राहिले. आता अख्खा वर्ग त्यांचा आहे. बिस्किटाच्या डब्यातून तुम्ही गावाला दोन-दोन गोळ्या देत आलात, तेव्हाही घरोघर हेच झालं.

तुमच्या मुत्रपिंडात आत्ता, हे वाचून होईपर्यंत, कॉपी चालू आहे. वर्गावर कुणी नाही. तुम्ही येणार आहात की नाही?

गहिनीनाथकाका टेम्पो बंद करणार नाहीत. मी रात्री थेट नगरच्या इस्पितळात पोचते.

प्रणिता


अहिल्यानगर, खाट क्रमांक नऊ
२७ ऑगस्ट २०२५

चि. प्रणिता,

अक्षर वाकडं आहे. उजव्या हाताला सलाईन आहे, गुण कापू नकोस. आठ दिवस तू माझ्या उशाशी बसून काल पुण्याला गेलीस, तरी जे लिहायचं ते तोंडाने बोलता आलं नाही.

त्या संध्याकाळचं मला मोजकंच आठवतं. गहिनीनाथ वाचत होता आणि मला त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटत होता. विज्ञान काही शिरलं नाही. मग ‘चिठ्ठी’ हा शब्द आला. मग ‘कॉपी’. मी उठून बसलो म्हणे. म्हणालो, “कुठल्या वर्गात?” गहिनीनाथ म्हणाला, “सर, तुमच्याच रक्तात.” त्यानंतर मी जानव्याची किल्ली सविताच्या हातात दिली आणि रिकाम्या पोत्यांवर जाऊन झोपलो. मिरजगाव ते नगर मी कांद्याच्या टेम्पोतून, सत्काराच्या शालीत गुंडाळलेला आलो. पुढचे तीन दिवस मला आठवत नाहीत. सविता सांगू लागली की मी विषय बदलतो. तिचे डोळे अजून सुजलेले आहेत.

दिवसातून तीनदा सिस्टर नळीतून मेरोपेनेम सोडते. मी तिला सांगितलंय, या औषधाचं खरं नाव भरारी पथक. आता ती दारातूनच विचारते, “सर, पथक आलंय, सोडू का आत?” डॉक्टर आज म्हणाले, बरीच सुधारणा आहे, कंटाळला असाल. मी म्हणालो, पेपर संपल्याची घंटा होईपर्यंत पर्यवेक्षक जागा सोडत नाही. चौदा म्हणजे चौदा. पंधरावा लागला तर तोही बसेन.

गहिनीनाथ येऊन गेला. त्याला एकच काळजी. “सर, मंग त्यो सत्कार नेमका कुनाचा झाला? नारळ तर आमी खाल्ला!” मी म्हणालो, शाल जंतूची होती, नारळ तुमचा. फ्लेक्स उतरवायला सांगितला, तर म्हणाला, रेस्टॉरंटची चौकशी अजून चालू हाय, चार दिस ऱ्हाऊ द्या.

आता ते बोलायचं राहिलेलं. छत्तीस वर्षं मी पोरांचे खिसे तपासले. आणि निवृत्तीनंतर तेरा वर्षं स्वतःच गावभर चिठ्ठ्या वाटत होतो, बिस्किटाच्या डब्यातून, तेही पुण्य समजून. गेल्या वर्षी याच गहिनीनाथाचा ताप तीन आठवडे हटेना, त्याला पहिल्या दोन गोळ्या मीच दिल्या होत्या. तो ते विसरला आहे. मला इथे पडल्या-पडल्या रोज आठवतं. मला लाज वाटते, प्रणिता.

सुहासलाही दोन ओळी लिहिल्या आहेत. त्याला बाहेर काढलं ते बरोबरच होतं, असंच लिहिलं. पण पेपरनंतर त्याच्या घरी जाऊन त्याच्याशेजारी बसायला हवं होतं, हेही लिहिलं.

तुझा,
सुमंतकाका


पुणे
३० ऑगस्ट २०२५

ती. काका,

वाकड्या अक्षराचे गुण कापलेले नाहीत. सुहासदादाचा फोन आला होता. तुमचं पत्र वाचून तो हसला, मग शेवटची ओळ त्याने मला दोनदा वाचून दाखवली. दिवाळीला मिरजगावला येतो म्हणाला.

डबा कचऱ्यात किंवा ओढ्यात टाकू नका. तिथल्या जंतूंना आयती शिकवणी मिळेल. इस्पितळातल्या औषधवाल्यांकडे द्या. आणि चौदा दिवस संपले की डॉक्टर पुन्हा रक्ताचं कल्चर करतील. ते पाच दिवस ठेवून बघतात. निकाल आला की आधी मला कळवा. फोनवर कळवलंत तर मी कुणाला सांगणार नाही.

प्रणिता


मिरजगाव
१२ सप्टेंबर २०२५

चि. प्रणिता,

फोनवर कळवलं नाही, कारण असा निकाल हवेत सोडायचा नसतो.

रिपोर्ट आला. वर माझंच नाव, वय एकाहत्तर, पुरुष. खाली औषधांची यादी नाही. आर नाही, एस नाही. एकच ओळ: नो ग्रोथ. वाढ नाही. वर्गात एकही विद्यार्थी हजर नाही, प्रणिता! रिकामा वर्ग पाहून इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता. मी कागदावर लाल पेनने शेरा मारला, ‘प्रगती समाधानकारक’, खाली सही केली आणि जुना रिपोर्ट उतरवून त्या जागी हा टांगला.

मग तडक कडूबाईंकडे गेलो. करणचा रिपोर्ट त्यांनी धान्याच्या कणगीमागे लपवला होता. तो काढायला लावला, त्यांच्यापुढे धरला आणि सांगितलं, बाई, तुमचा मुलगा गावात पहिला आला आहे. मला जे मिळायला चौदा दिवस भरारी पथक लागलं ते त्याला फुकट मिळालं. त्या म्हणाल्या, “म्हंजी वाढ न्हाई हेच चांगलं व्हय?” आणि पुन्हा रडल्या, पण या वेळी चहा ठेवून. परवा मुलीकडचे येऊन गेले. गहिनीनाथने पोह्यांच्या आधी रिपोर्ट पुढे केला. मुलीच्या वडिलांना काहीच कळलं नाही, पण कागदावर शिक्का आहे म्हणून त्यांनी मान डोलावली. लग्न ठरलं आहे.

फ्लेक्स उतरला. तो उलटा करून गहिनीनाथने कांद्याच्या ढिगावर टाकला आहे. पाऊस आला की माझ्या तोंडाखाली कांदा कोरडा राहतो. डबा तू सांगितल्याप्रमाणे इस्पितळात दिला. गोळ्या काढून घेऊन त्यांनी डबा परत केला. सविताने त्यात बिस्किटं भरली. आळीत कुणाला ताप आला की मी आता दोन बिस्किटं देतो आणि डॉक्टरकडे पाठवतो. गोळ्या पुऱ्या केल्या की नाही हे बघायला पाचव्या दिवशी स्वतः घरी जातो. लोक मला पुन्हा घाबरू लागले आहेत. बरं वाटतं.

तुझं अठरा तारखेचं पत्र, जे गहिनीनाथने मला वाचून दाखवलं, ते तपासून परत पाठवायचं राहिलं होतं. काल चष्मा लावून बसलो. मूत्रपिंड तू पुन्हा ऱ्हस्व लिहिलं आहेस, सांगूनही. टेम्पोच्या धक्क्यात एका ओळीवर कांद्याचं पाणी सांडलं आहे. आणखी चार चुका आहेत. त्या सगळ्या मला दिसल्या. लाल पेनचं टोपण तेवढं निघेना.

म्हणून यावेळी पत्र परत पाठवत नाही. ते मी माझ्याजवळ ठेवून घेतलं आहे. गुण इथेच कळवतो: दहापैकी दहा.

तुझा,
काका